गोधडीची बॉर्डर लाटेसारखी उठते: माप, कापड आणि कोपऱ्यांबद्दल प्रश्न

टाचणी

ब्लॉक (तुकड्यांचे चौकोन) जोडून टॉप, म्हणजे गोधडीचा वरचा थर, तयार आहे. कडेची माया (शिवणीत जाणारं कापड) धरून माप ६०.५ × ७२.५ इंच. चारी बाजूंनी ५ इंचांची साधी, एकाच कापडाची बॉर्डर लावायची आहे. प्रश्न असे:

१. कापड किती घ्यावं? पन्हा ४४ इंची आहे.
२. पट्ट्या आडव्या पन्ह्यातून कापून जोडाव्यात की लांबीतून अखंड काढाव्यात?
३. कोपरे सरळ ठेवावेत की तिरके, ४५ अंशांत?
४. बॉर्डर लावली की कडा जमिनीवर सपाट बसत नाही, लाटा येतात. आतापर्यंतची पद्धत म्हणजे लांबलचक पट्टी घ्यायची, टॉपच्या कडेला धरून शिवत जायचं आणि टॉप संपला की पट्टी कापायची.

मोजपट्टी

चौथ्याचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. पट्टी आधी मापात कापायची आणि मगच शिवायची. शिवून झाल्यावर कापलीत, तर लांबी तुम्ही ठरवत नाही, मशीन ठरवतं. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात आणि वरचा पाय वरच्या कापडाला अडवतो. पट्टी खाली असेल तर कडेच्या लांबीपेक्षा जास्त पट्टी शिलाईत जाते, वर असेल तर कमी. त्यात हाताने थोडं ताणलं जातंच. समोरासमोरच्या दोन बॉर्डरी मग सारख्या होत नाहीत आणि अख्खी गोधडी तिरपी होते.

दुसरं कारण टॉपची कडा. सगळ्यात जास्त हाताळली जाते ती कडा. तिथे प्रत्येक सांधा उघडाच संपतो, ओढाताणीत तो किंचित सुटतो. त्यामुळे कडेवर घेतलेलं माप मधल्या मापापेक्षा पाऊण-एक इंच जास्त भरणं अगदी नेहमीचं. त्या मापाची पट्टी कापली तर सैल झालेली कडा तशीच कायम होते.

म्हणून माप मधून घ्यायचं. टॉप इस्त्री करून जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर सपाट पसरा, लोंबकळू देऊ नका. उभं माप तीन ठिकाणी घ्या: बरोबर मधे, आणि मध्याच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून निदान ८-१० इंच आत. समजा ७२.५, ७२.२५ आणि ७२.७५ आलं, तर सरासरी ७२.५. दोन्ही उभ्या पट्ट्या एकावर एक ठेवून याच मापाच्या कापा. तीन मापांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर सरासरी काढत बसू नका. कुठल्या तरी रांगेत माया कमीजास्त झाली आहे, ती शोधा.

कर्णही मोजून पाहा. ६०.५ × ७२.५ च्या टॉपचा कर्ण साधारण ९४.४ इंच येतो, दोन्ही सारखे हवेत. अर्ध्या इंचाहून जास्त तफावत असेल तर टॉप काटकोनात नाही, आणि बॉर्डर लावून तो काटकोनात येणार नाही.

आता लावायचं कसं. पट्टीचा मध्य, पाव आणि अष्टमांश खुणांनी दाखवा, टॉपच्या कडेवरही तशाच खुणा करा. आधी दोन टोकं टाचा, मग मध्य, मग पाव, मग मधली जागा. टाचण्या ३-४ इंचांवर. जे कापड किंचित जास्त आहे (बहुधा टॉपच) ते खाली, दात्यांकडे ठेवा. दाते तो जादाचा भाग आपोआप मुरवतात. ७२ इंचांत अर्धा इंच असा सहज मुरतो आणि दिसतही नाही. इंचभर मुरवायला गेलात की चुण्या पडतात.

उभ्या दोन्ही लावून इस्त्री झाल्यावरच आडवं माप घ्यायचं, तेही मधूनच, पण आता बॉर्डरींसकट. हिशोबाने ७०.५ यायला हवं. ७०.२५ आलं तर ७०.२५ च्याच पट्ट्या कापा. कागदावरचा आकडा धरून बसू नका.

बॉबिन

कापडाचा हिशोब.

पूर्ण झाल्यावर ५ इंच दिसायला हवी तर पट्टी ५.५ ची कापायची, पाव-पाव इंच माया दोन्ही बाजूंना. सरळ कोपऱ्यांसाठी उभ्या दोन ७२.५ च्या, आडव्या दोन ७०.५ च्या. एकूण २८६ इंच. गोधडी तयार होईल ७० × ८२.

४४ च्या पन्ह्यातून दोन्ही काठ काढले की ४२ इंच हाती लागतात. काठ बॉर्डरीत घेऊच नका. तो दाट विणलेला असतो, धुतल्यावर वेगळा आटतो आणि सांधा गोळा होतो.

आडव्या ७ पट्ट्या म्हणजे २९४ इंच. सरळ जोड दिलात तर प्रत्येक जोडात अर्धा इंच जातो, सहा जोडांत ३, उरले २९१. पुरतात, पण जेमतेम. तिरका जोड द्यायचा तर प्रत्येक जोडात पट्टीच्या रुंदीएवढी, म्हणजे ५.५ इंच लांबी जाते. मग ७ पट्ट्यांचे २६१ च उरतात. ८ पट्ट्या घ्याव्या लागतात: ३३६ वजा ३८.५, म्हणजे २९७.५. आठ पट्ट्यांना ४४ इंच कापड लागतं. सव्वा मीटर घ्या.

लांबीतून अखंड काढायच्या तर चारही पट्ट्या शेजारी शेजारी २२ इंचांत बसतात. लांबी ७२.५ हवी, २ मीटर घ्या. दोन मीटर म्हणजे पावणेएकोणऐंशी इंच. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं. ५ टक्के धरले तरी ७४ च्या वर राहतं. पन्ह्यातला उरलेला वीसेक इंचांचा भाग बाइंडिंगला (शेवटी कड बंद करणाऱ्या पट्टीला) किंवा पाठीला कामी येतो.

उरेबपट्टी

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर एकच: मोठ्या गोधडीला लांबीतूनच. बॉबिन यांच्या हिशोबाने पाऊण मीटर जास्त लागतं, तेवढं लागू द्या.

कापड दोन्ही हातांत दहाएक इंच अंतरावर धरून काठाला समांतर ओढा, मग काठाला काटकोनात ओढा. उभा धागा जवळपास हलत नाही, आडवा थोडा देतो, आणि तिरपं ओढलंत तर कापड रबर असल्यासारखं येतं. बॉर्डर ही गोधडीची चौकट. ती न ताणणाऱ्या धाग्याची असेल तर ब्लॉकमधले सगळे उरेब (तिरप्या धाग्यावर कापलेले) भाग काबूत राहतात. आडव्या पन्ह्यातली पट्टी इस्त्रीतच पाव-अर्धा इंच वाढते, मग मोजून कापल्याचा उपयोग काय?

लहान गोधडी असेल, बाजू ४० इंचांच्या आत असतील, तर आडवी पट्टी चालेल. जोडही द्यावा लागत नाही.

एकाच गोधडीत दोन बाजू उभ्या धाग्याच्या आणि दोन आडव्या असं मात्र करू नका. धुतल्यावर दोन्ही वेगळ्या आटतात.

टाचणी

मापाचं कळलं. अजून दोन शंका. कापड फाडून पट्ट्या काढल्या तर धागा अगदी सरळ येतो असं ऐकलंय, ते करावं का? आणि कापडावर मोठी फुलं आहेत, जोड द्यायचाच झाला तर कुठे द्यावा?

उरेबपट्टी

फाडल्याने धागा सरळ येतो हे खरं. पण फाटलेली कड पाव इंचापर्यंत पिळवटते, म्हणजे नेमकी मायेची जागाच खराब होते. काठाशी कात्रीने छोटा छेद देऊन एकदाच फाडा, धाग्याची दिशा कळेल. मग ती कड धरून रूलर आणि रोटरी कटरने पट्ट्या कापा. फाडूनच काढायच्या असतील तर ६ इंचांच्या काढा आणि दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच छाटा.

बॉबिन

जोड मध्यावर नको. डोळा आधी तिथेच जातो. कोपऱ्याजवळही नको, तिथे आधीच सांध्यांची गर्दी असते. बाजूच्या एक तृतीयांशावर आला तर लक्षात येत नाही. समोरासमोरच्या बाजूंवर एकाच उंचीला दोन जोड आले तर मात्र ते उठून दिसतात.

तिरका जोड असा: एक पट्टी सुलट बाजू वर करून आडवी ठेवा, दुसरी उलट बाजू वर करून तिच्या टोकावर काटकोनात ठेवा. टोकं एकमेकांबाहेर किंचित येऊ द्या. जिथे दोन्ही पट्ट्यांच्या कडा एकमेकींना ओलांडतात त्या दोन बिंदूंमधून तिरकी रेघ मारा, टाचा आणि आधी उलगडून बघा. पट्टी सरळ न जाता काटकोनात वळली तर कर्ण उलटा मारला आहे. बरोबर असेल तरच शिवा, पाव इंच ठेवून छाटा आणि माया उघडी करून इस्त्री करा. टाका २ मिमी ठेवा, हा सांधा उरेब असतो.

मोठ्या फुलांना मात्र सरळ जोड जास्त शोभतो, तोही नक्षी जुळवून. एका पट्टीचं टोक पाव इंच आत दुमडून इस्त्री करा, दुसरीवर ठेवून फूल जुळेपर्यंत सरकवा, घडीत टाचण्या लावा आणि उलट बाजूने घडीच्या रेघेवरून शिवा. यात नक्षीच्या एका आवर्तनापर्यंत कापड जाऊ शकतं. फुलं १२ इंचांनी परत येत असतील तर जोडामागे १२ इंच धरा.

पाव_इंच

तिरक्या कोपऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. रेघांचं कापड, काठाची नक्षी किंवा दोन-तीन पट्ट्यांची बॉर्डर असेल तर तिरका कोपराच हवा. सरळ कोपऱ्यात रेघा एकमेकींवर आदळून थांबतात.

लांबी: टॉपची बाजू, अधिक बॉर्डरीची दुप्पट रुंदी, अधिक ४ इंच. तुमच्या मापाला उभ्या पट्ट्या ८६.५, आडव्या ७४.५. लांबीतून काढायच्या तर आटणं धरून २.४ मीटर घ्या.

खुणा हे यातलं अर्धं काम. टॉपच्या उलट बाजूला चारही कोपऱ्यांत दोन्ही कडांपासून पाव-पाव इंच आत पेन्सिलने ठिपका द्या. पट्टीचा मध्य काढा, मध्यापासून दोन्हीकडे ३६ इंचांवर (आडव्या पट्टीला ३० वर) ठिपके द्या. हे अंतर मायेशिवायच्या टॉपच्या निम्मं आहे. मध्याला मध्य, ठिपक्याला ठिपका टाचा, बाकीचं मोजपट्टी यांनी सांगितलं तसंच. शिवण ठिपक्यावर सुरू, ठिपक्यावर बंद, दोन्हीकडे दोन-तीन उलटे टाके. ठिपक्यापलीकडे एकही टाका नको.

चारही पट्ट्या लागल्या की टॉप सुलट बाजू आत ठेवून कोपऱ्यातून तिरका दुमडा. शेजारच्या दोन पट्ट्या बरोबर एकावर एक आल्या पाहिजेत, कडाही आणि शिवणीही. शिवणीच्या दोन्ही माया टॉपकडे वळवून बाजूला टाचून टाका. रूलरची ४५ अंशांची रेघ बॉर्डरीच्या शिवणीवर बसवा आणि रूलरची कड ठिपक्यातून जाऊ द्या. रेघ मारा. ती टॉपच्या तिरक्या घडीच्याच ओळीत पुढे गेली तर कोपरा बरोबर आहे. ती थोडीही मोडली तर दुमडताना काहीतरी सरकलं आहे.

आधी मोठ्या टाक्यांनी शिवा, ठिपक्यापासून बाहेरच्या दिशेने. ही शिवण उरेब आहे, बाहेरून आत शिवलंत तर ताणलेलं सगळं कापड ठिपक्याशी गोळा होतं. उलगडा, चौकोनी रूलर कोपऱ्यावर ठेवा. ९० अंश आणि सपाट असेल तर त्यावरूनच बारीक टाक्यांनी पुन्हा शिवा, मगच पाव इंच ठेवून छाटा. छाटल्यावर परतीची वाट नाही.

आतल्या कोपऱ्यात बारीक भोक दिसलं तर शिवण ठिपक्याच्या अलीकडे थांबली आहे. चुणी आली तर ठिपका ओलांडून मायेत गेली आहे. भोक हाताने दोन टाके घालून बुजतं. चुणी असेल तर तेवढे एक-दोन टाके उसवावे लागतात.

आणि एकाहून जास्त बॉर्डरी असतील तर पट्ट्या आधी एकमेकींना जोडून एकच रुंद पट्टी करा, मध्याला मध्य जुळवून, मग कोपरा एकदाच. पट्ट्यांमधल्या माया एका बाजूच्या आतल्या दिशेला आणि शेजारच्या बाजूच्या बाहेरच्या दिशेला वळवल्यात की तिरक्या सांध्यावर एकमेकींत अडकून बसतात.

मोजपट्टी

@पाव_इंच, सगळं नेमकं आहे, पण टाचणी यांचं कापड एकसारख्या फुलांचं आहे. त्यात तिरका कोपरा शोधूनही सापडणार नाही. तेवढ्यासाठी जास्तीचं कापड आणि चार उरेब सांधे कशाला? सरळ कोपरा मजबूतही असतो.

कोपरा उठून दिसायला हवा असेल तर वेगळ्या कापडाचे चौकोन लावा. यात एकच पथ्य: लांबी आणि रुंदी दोन्ही मापं काहीही लावण्याआधी घ्यायची. उभ्या पट्ट्या ७२.५, आडव्या ६०.५, चौकोन ५.५ × ५.५ चे चार. आधी उभ्या लावा. आडव्यांच्या दोन्ही टोकांना चौकोन जोडा, पट्टी ७०.५ होते. लावताना चौकोनाचा सांधा आणि उभ्या बॉर्डरीची शिवण समोरासमोर येतात. चौकोनाची माया पट्टीकडे आणि उभ्या बॉर्डरीची माया बॉर्डरीकडे वळवली असेल तर दोन्ही विरुद्ध दिशांना येऊन बोटाला एकमेकींत बसल्याचं कळतं. तिथे टाचणी लावा आणि सुई अगदी जवळ येईपर्यंत काढू नका.

ठिगळ

याच धाग्यात विचारतो. बॉर्डर साधी नाही, ६ इंचांच्या ब्लॉकची करायची आहे. टॉप मायेशिवाय ५१ × ६९ आहे. ५१ ला ६ ने भाग जात नाही. ब्लॉकचं माप बदलावं का?

बॉबिन

ब्लॉकला हात लावू नका. टॉप आणि ब्लॉकच्या बॉर्डरीमधे एक बारीक साधी पट्टी टाका. ५१ चे ५४ करायचे, म्हणजे ३ वाढवायचे, प्रत्येक बाजूला दीड इंच. ६९ चे ७२ होतात, तिथेही दीडच. नशीब चांगलं आहे, दोन्हीकडे सारखी रुंदी आली. पट्टी २ इंचांची कापा. आता वर-खाली ९-९, बाजूंना १२-१२ आणि कोपऱ्यांचे ४, असे ४६ ब्लॉक.

दोन्हीकडे वेगळी रुंदी आली असती तरी चाललं असतं. पाऊण-एक इंचाचा फरक, पट्टी पार्श्वभूमीच्याच रंगाची असेल तर जाणवत नाही.

पट्टी थोडी जास्त रुंद कापून लावा आणि चारही लावल्यावर टॉप बरोबर ५४.५ × ७२.५ ला छाटा. टॉपची आधीची सगळी बारीक चूक तिथे संपते.

पाव_इंच

त्यात भर. बारा ब्लॉकांच्या रांगेत अकरा सांधे. प्रत्येक सांध्यात अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) इकडेतिकडे झालं तरी टोकाला जवळपास पाऊण इंचाचा फरक पडतो. पाव इंचाची माया चाचणी घेऊन पक्की करा: दीड-दीड इंचाच्या तीन पट्ट्या जोडा, इस्त्री करा, मधली बरोबर १ इंच दिसली पाहिजे. एवढं करूनही रांग तीन सूत लांब आली तर सहा सांध्यांत प्रत्येकी अर्धा सूत जास्त आत घ्या. सगळं एकाच सांध्यात घेतलंत तर तो ब्लॉक बारीक दिसतो.

ब्लॉकमधे त्रिकोण असतील आणि त्यांची लांब बाजू बाहेरच्या कडेला येत असेल, तर ते चौकोन दोन्ही कर्णांवर कापून काढा, म्हणजे लांब बाजू सरळ धाग्यावर येते. एकाच कर्णावर कापलेत तर गोधडीची सगळी बाहेरची कड उरेब होईल. बॉर्डर लावून झाल्यावर कडेपासून एक सूत आत सगळीकडून एक शिलाई मारून ठेवा, सांधे सुटत नाहीत.

टाचणी

खूप धन्यवाद. एक जुनी गोधडी आहे, बॉर्डर लागलेली, लाटा असलेली, अजून क्विल्टिंग (सगळे थर एकत्र शिवणं) झालेलं नाही. ती सुधारता येईल का? बाहेरून छाटून?

मोजपट्टी

छाटून नाही. लाट लांबीत आहे, रुंदीत नाही. दोन इंच छाटलेत तरी उरलेल्या बॉर्डरीत ती असेलच.

आधी किती आहे ते बघा. बॉर्डरीची बाहेरची कड मोजा आणि त्याच दिशेचं माप टॉपच्या मधून घ्या. फरक अर्ध्या इंचापर्यंत असेल तर उसवू नका. कडेपासून एक सूत आत ४-५ मिमीचा टाका मारा, एका टोकाचा दोरा हलकेच ओढून जादाची लांबी सगळीकडे सारखी पसरवा आणि वाफेशिवाय दाबून इस्त्री करा. क्विल्टिंगमधे ते मुरेल.

फरक इंचाच्या वर असेल तर उसवणं आलंच. शेवटी लावलेल्या बाजू आधी उसवा. ओढून उसवू नका. एका बाजूने दर चौथा टाका कापा, उलटून दुसरा दोरा ओढा, तो सलग निघतो. पट्ट्या किंचित ओल्या करून इस्त्रीने दाबा. इस्त्री सरकवायची नाही, उचलून ठेवायची. मग मधल्या मापाला कापून परत लावा.

उरेबपट्टी

क्विल्टिंगचं राहिलं. मधल्या भागात बोटाबोटावर टाके आणि बॉर्डर मोकळी ठेवलीत तर उत्तम लावलेली बॉर्डरसुद्धा फुगते. टाक्यांनी मधला भाग आकसतो, कड तेवढीच राहते. बॉर्डरीत टाक्यांची दाटी मधल्यासारखीच ठेवा. क्विल्टिंग मधून सुरू करून बाहेर जा, आणि भरण व अस्तर प्रत्येक बाजूला ३-४ इंच जास्त असू द्या.

ठिगळ

बॉर्डर गडद लाल आहे, टॉपमधे पांढरं बरंच. कापड आधी धुतलं की पुरे ना?

बॉबिन

धुतल्यावरही तपासा. पट्टीचा तुकडा ओला करून पांढऱ्या सुती फडक्यावर ठेवा, गरम इस्त्रीने दाबा. फडक्याला गुलाबी डाग आला तर परत धुवा. तीन-चार धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका, दुसरं घ्या. आणि पांढऱ्याला लागून लाल असेल तर माया लालकडेच वळवा, नाहीतर पांढऱ्याखालून ती झळकते.